पावटाहरणाची हकीकत

श्रीअन्नपूर्णा प्रसन्न. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, एका इमारतीच्या राज्यात दोन शेजारी संस्थानांमध्ये भाजीवरून जे वर्तले ते ऐसीजे. तिसऱ्या मजल्यावर मृण्मयीबाईसाहेब राज्य करीत होत्या, मांडीवर तान्हे बाळराजे होते, आणि समोरच्या दारी उल्कावहिनी नांदत होत्या. दर शनिवारी नदीपलीकडील मळ्यातून ज्या ऋतूची ती भाजी खोक्यात भरून, झाकणावर घराचे नाव घालून येत असे, आणि उभयतां जिन्यातच खोकी उघडीत, तेथे मत्सर रुजला. कारण वहिनींच्या खोक्यात पावटे, मटार आणि मुळासकट ओला हरभरा निघे, आणि बाईसाहेबांच्या खोक्यात शेपू आणि दुधी. पुढल्या शनिवारी दुधी आणि शेपू. बाईसाहेबांनी चित्ती विषाद मानिला की, जुन्या गिऱ्हाइकाचे लाड होतात आणि आम्हांस नवखे जाणून उरलेसुरले धाडितात. पतिराज रावसाहेबांस गाऱ्हाणे सांगितले, तो ते दुधीची फोड चावीत 'बरी आहे की' इतकेच वदले, तेणे बाईसाहेबांचे अंगाची लाहीलाही जाहली. मग समोरून उसळीच्या फोडणीचा वास येई, आणि बाळराजे दूध पिता पिता निजत, आणि बाईसाहेब दाराकडे नाक करून बसत.

ऐशास एके शनिवारी वहिनींची स्वारी देवदर्शनास गेली आणि खोकी दाराशी येऊन पडली. बाईसाहेबांनी बाळराजांस कडेवर घेतले, इकडेतिकडे पाहिले, आणि एका हाताने झाकणांची अदलाबदल केली. मग पावट्याची उसळ जाहली, ती बहुत झणझणीत जाहली, आणि बाईसाहेबांनी कढईत भात कालवून ती पुसून खाल्ली, वर ओला हरभरा सोलीत बसल्या, आणि मनात विजयाचा नगारा वाजला.

दिवेलागणीस बाळराजांनी पाय पोटाशी घेऊन जो आकांत मांडिला तो जिन्यापर्यंत गेला. रावसाहेब हवालदिल होऊन खुळखुळा वाजवू लागले. तो उल्कावहिनी हिंग कालवून धावत आल्या, बेंबीभोवती लेप दिला, आणि पुसत्या जाहल्या, "काय खाल्लंस गं आज?" बाईसाहेबांनी मान खाली घातली. वहिनींची नजर ओट्यावरील टरफलांवर गेली.

"अगं वेडे, मीच मळ्यावर सांगून ठेवलं होतं. समोर लेकुरवाळी आहे, तिला दुधाला चांगलं असेल ते पाठवा, वातूळ काही नको."

"मग मला सांगायचंत की वहिनी."

"सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, गावाला एक सासू आहे ती कमी होती का?"

इतक्यात बाळराजांनी लहानशी तोफ डागिली, आणि रडे थांबले, आणि डोळे मिटले. बाईसाहेबांनी हळूच पुसिले की, वहिनी, तुम्ही आज काय जेवलात? वहिनी म्हणाल्या, "शेपू. वासानं मळमळतं मला, पण आलेली भाजी टाकायची कशी?"

पुढल्या शनिवारी झाकणे ज्याच्या त्याच्या खोक्यावर राहिली. वहिनींनी आपले पावटे सोलिले, निम्मे पिशवीत भरून आपल्या फ्रीजरात ठेविले, आणि वर चिठ्ठी चिकटविली, 'मृण्मयीचे, बाळाच्या उष्टावणानंतर.' बाईसाहेबांनी ती पाहिली, आणि घरी येऊन शेपू निवडू लागल्या.

सारांश, पावट्याचा मत्सर त्या दिवशी मोडला. परंतु ऐसे मन वहिनींस दिले आणि आपणांस का नाही, हा नवा मत्सर उपजला, तो अद्याप शमला नाही. बाळराजे सुखरूप. शेपू चालू आहे.