नाकारलेली साठ चित्रं

माझ्या मुलीने उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षात एक गंभीर गुन्हा केला. दिलेलं काम तिने पहिल्याच फटक्यात बरोबर केलं.

काम साधं होतं. इस्पितळाच्या दाराशी लावायचा फलक. तातडीचा विभाग कुठे आहे ते सांगणारा. तिने पांढऱ्या पाटीवर जाड लाल अक्षरं काढली आणि खाली डावीकडे जाणारा बाण. वीस मिनिटं लागली. मी पाट्या रंगवण्यात जन्म घालवला. अक्षरं रंगवायला आधी शिकलो, वाचायला नंतर. त्यामुळे पाटीपुढे गोंधळून उभ्या राहिलेल्या माणसाची अवस्था मला ठाऊक आहे. मी म्हटलं, "झालं. आता हात लावू नकोस."

विभागप्रमुखांनी पाटी उलटी करून मागची बाजू पाहिली.

"प्रक्रिया कुठे आहे?"

"सर, सुचलं आणि काढलं."

"सुचण्याची तरतूद अभ्यासक्रमात नाही."

नियम असा होता की अंतिम कलाकृतीसोबत विद्यार्थ्याने स्वतः नाकारलेली साठ कच्ची चित्रं जोडावीत. ती नसतील तर परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर पदविका नाही. मुदत चार दिवस.

मुलगी घरी येऊन म्हणाली, "बाबा, बरोबर आलेलं चित्र आता साठ वेळा चुकवायचंय."

सगळं घर कामाला लागलं. मी प्रामाणिकपणे वाकडा बाण काढायला बसलो, पण हाताला लागलेलं वळण सुटेना. बाण सरळच यायचा. मुलीने माझे कागद बाजूला सारले. "तुमची जोडली तर त्यांना वाटेल मी आळसाने नाकारली." बायकोने नऊ काढली आणि भाजी करपतेय म्हणून उठली. शेवटी माझी बहीण धावून आली. शाळेत तिने काढलेल्या गायीला गुरुजींनी कपाट समजून दहापैकी चार दिले होते.

"दादा, या घरात माझ्या चित्रकलेची कुणाला गरज पडेल असं वाटलं नव्हतं हो," ती म्हणाली, आणि कानाला फोन लावून, विहीणबाईंच्या गुडघेदुखीची चौकशी करत तिने एका बैठकीत एक्कावन्न चित्रं पाडली. जुनी दिसावीत म्हणून ती आम्ही चहाच्या पाण्यात बुडवून वाळवली.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. मोठ्या जाहिरात कंपनीतले. बूट होते, मोजे नव्हते. कागद उलटत ते त्रेचाळीसाव्या चित्रापाशी थांबले. तिथे आत्याने पेनातून शाई उतरते का, ते पाहिलं होतं. एक गिरगोटा, शेजारी एक ठिपका.

"हे का नाकारलंस?"

"सर, त्यातून काहीच कळत नाही."

"तेच तर. घाबरलेल्या माणसाला उत्तर द्यायचं नसतं. त्याला विचार करायला लावायचं."

"आणि तो ठिपका," विभागप्रमुख हळूच म्हणाले, "किती एकटा आहे."

"पण सर, माणूस धापा टाकत आला असेल. त्याने जायचं कुठे?"

"तो अंमलबजावणीचा भाग झाला. इथे आपण संकल्पना पाहतो."

निर्णय झाला. त्रेचाळीसावं चित्र अंतिम ठरलं. पण नाकारलेली साठ भरलीच पाहिजेत, म्हणून लाल बाणाची पाटी त्याच्या जागी त्रेचाळीस क्रमांकाला लावण्यात आली. मुलीने संमतीची सही करायची, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा बसायचं. तिने दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "कर सही, बाळा." ती विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण झाली.

फलक इस्पितळाच्या दाराशी लागला. पहिल्याच आठवड्यात छातीत कळ आलेले एक गृहस्थ विचार करत करत धोबीखान्यात पोचले. तिथे त्यांना नवीन माणूस समजून चादरींच्या घड्या घालायला बसवलं. चौकशी समिती नेमली गेली. समितीचा निष्कर्ष: फलक निर्दोष आहे, जनतेची नजर अशिक्षित आहे. त्यावर उपाय म्हणून 'दृश्यसंवाद अधिकारी' असं नवं पद काढलं. पात्रता, विशेष प्रावीण्य.

अशा रीतीने माझी मुलगी सर्जनशील क्षेत्रात कायम झाली. रोज आठ तास ती फलकाखाली उभी असते आणि डावा हात लांब करून लोकांना वाट दाखवते. हात दुखतो म्हणते. पण नातेवाइकांत आमचं वजन वाढलं आहे. आत्या तर सांगत फिरते, "पोरगी माझ्या हातगुणाने लागली."

गेल्या मंगळवारी तुम्ही तिथे आला होतात. वडिलांना खांद्याचा आधार दिला होता, त्यांना धड उभं राहवत नव्हतं. तुम्ही फलकासमोर थांबलात. मान आधी या बाजूला कलती केलीत, मग त्या बाजूला. आजूबाजूची चार माणसं कौतुकाने पाहत होती, म्हणून तुम्हीही "वा" म्हणालात. मग माझ्या मुलीजवळ सरकून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारलंत, "बाई, तातडीचा विभाग कुठे हो?" तिने हात लांब केला.

तासाभराने जाताना शिपायाने अभिप्रायाची वही तुमच्यापुढे धरली. तुम्ही चष्मा लावलात आणि सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलंत: "फलक पाहताक्षणी वाट कळते. इथे माणूस उभा करण्याची गरज नाही."