बाटली क्रमांक चार

हे कुणाला सांगायचं नाही, असं आईने मला देवासमोर उभं करून बजावलं आहे. मी शाळेत तशीही कुणाशी फारशी बोलत नाही, त्यामुळे शब्द पाळणं सोपं होतं. पण लिहायचं नाही, असं ती म्हणाली नव्हती.

माझे बाबा, नंदकुमार, इथे आखातात फहाहीलच्या एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन आहेत. एकोणीस वर्षं त्यांनी लोकांचं रक्त आणि लघवी नावानिशी सांभाळली आहे. त्यामुळे घरातही लेबल नसलेली वस्तू त्यांना अनाथ वाटते. आमच्या लोणच्यावर तारीख असते, दह्यावर वेळ असते. (माझ्या डब्यावर इयत्ता आणि तुकडी असते. मैत्रिणी त्यावर काय म्हणतात ते राहू दे.)

जानेवारीत मिरजेहून द्वारकाआत्या राहायला आली आणि जाताना बाबांच्या दुखऱ्या गुडघ्यासाठी वैद्यांच्या तेलाची बाटली ठेवून गेली. दुसऱ्या कुणी झाकण उघडून तेल गुडघ्याला लावलं असतं. बाबांनी चष्मा लावून आधी खोक्यावरचा साठवणीचा परिच्छेद वाचला. तो ठळक अक्षरांत होता: थंड, कोरडी, अंधारी जागा, झाकण घट्ट, बाटली उभी, तीन वर्षं टिकेल.

"तीन वर्षं!" बाबा गुडघा विसरले. "रेखा, एकच बाटली रोज उघडली तर हवा लागून खराब होईल. चार भाग करू."

"अहो, तेल आहे ते. वाटण्या कसल्या करताय?" आई म्हणाली.

पण चार तपकिरी बाटल्या आल्या. माझं अक्षर चांगलं म्हणून लेबलं मी लिहिली: बाबांचं नाव, तारीख, चारपैकी कितवी. खाली बाबांची सही. पहिली वापरायला, दुसरी तांदळाच्या डब्यामागे, तिसरी भाज्यांच्या कप्प्यात. राहिली चौथी. घरचा फ्रिज दिवसातून चाळीस वेळा उघडतो (त्यातल्या तीस वेळा मीच उघडते), म्हणून ती बाबांनी लॅबमध्ये नेली. तिथल्या फ्रिजमध्ये कर्मचाऱ्यांच्या औषधांचा एक कप्पा आहे आणि त्याचं तापमान सकाळ-संध्याकाळ लिहिलं जातं. आत काय आहे ते बाटलीवर हवंच, असा लॅबचा नियम. मग मी खोक्यावरची घटकद्रव्यांची बारीक अक्षरांतली पट्टी कापून तिच्यावर चिकटवली.

चार महिने गुडघा छान चालला. बाबा श्रेय तेलाला नाही, साठवणीला देत होते.

मग एका शुक्रवारी दुपारी आत्याचा व्हिडिओ कॉल आला.

"काय रे नंदू, गुडघा काय म्हणतो?"

"एकदम मस्त, अक्का. आणि तेलाचा रंगसुद्धा बदललेला नाही!"

"गुण येणारच. भांगेच्या पानांचं आहे ते."

आईची पोळी तव्यावर तशीच राहिली. "कशाच्या, वन्सं?"

"भांगेच्या गं. इथे वैद्य चिठ्ठीवर देतात. विमानतळावर मला कुणी एका शब्दाने विचारलं नाही."

बाबांनी फोन बंद केला नाही, तो टेबलावर पालथा ठेवला. नव्याने नोकरीला लागणाऱ्यांच्या लघवीत हेच सापडतं का, ते पाहणं हे बाबांचं रोजचं काम. सापडलं, की ते नाव दुसऱ्या दिवशी यादीत नसतं. त्या नावांचं पुढे काय होतं, हे बाबांनी एकोणीस वर्षांत विचारलं नव्हतं. आता ती सगळी एकदम आठवल्यासारखे ते खुर्चीत बसून राहिले.

तीन बाटल्या मोरीत ओतल्या. लेबलं मात्र निघेनात. उणे ऐंशी अंशांतही सुटू नयेत अशी ती लॅबची लेबलं. आईने तारेच्या घासणीने घासली, गरम पाण्यात बुडवली; तेल गेलं, नंदकुमार राहिले. शेवटी टॉवेलात गुंडाळून बाटल्या फोडल्या, तर एका तुकड्यावर 'नंद' आणि दुसऱ्यावर 'कुमार'.

"पासपोर्ट वरच्या खणात आहेत," बाबा हळूच म्हणाले. "मला काही झालं तर उर्वीची दहावी मिरजेला..."

"गप्प बसा आणि गाडीची किल्ली घ्या," आई म्हणाली. मलाही बरोबर घेतलं, कारण मागे ठेवलं तर मी कुणाला तरी सांगेन. (मी!)

लॅबमध्ये हफिजाआंटींची ड्यूटी होती. बाबांनी फ्रिज उघडला. कप्पा रिकामा होता.

"सर, आपकी बॉटल?" आंटी हसून म्हणाल्या. "काल इन्स्पेक्शनसाठी साफसफाई केली. लेबल नसलेलं सगळं फेकून दिलं. पण तुमचं लेबल इतकं सुंदर! नाव, तारीख, सही. मी ती नमुन्यांबरोबर डीप फ्रीझरच्या स्टोअरमध्ये पाठवली."

"परत काढता येईल?"

"दोन सह्या लागतील आणि बाटलीवरचं सगळं मोठ्याने वाचून रजिस्टरमध्ये नोंद. नाही तर कुलूप पाच वर्षांनीच उघडेल, सगळं नष्ट करायला. सर, आप ही का तो नियम है!"

नियम खरोखर बाबांनीच लिहिला होता. त्याबद्दल त्यांना प्रमाणपत्रही मिळालं होतं. ते आमच्या हॉलमध्ये लावलेलं आहे.

पुढच्या वर्षी कायमचं मिरजेला परतायचं ठरलं होतं. आता नाही. २०३० साली ते कुलूप उघडेल तेव्हा बाबा स्वतः तिथे हवेत, दुसऱ्या कुणी पट्टी वाचायच्या आत. फ्रीझरचं दार वाजलं, की त्यांचा हात थांबतो म्हणे. गुडघा पुन्हा दुखतो. ते लावायला काही मागत नाहीत.

एक गोष्ट मी आईलाही सांगितलेली नाही. पट्टी कापताना मी ती वाचली होती. भांग म्हणजे काय, ते मला माहीत होतं. वाटलं, बाबा लॅबमधले, त्यांना कळत असणार. शिवाय मला कुणी विचारलं नव्हतं.

आई हाक मारते आहे. एवढं वाक्य पुरं करते. ही वही कुणाच्या हाती लागू नये म्हणून मी ती कपाटात, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ठेवणार आहे, आणि चुकून हरवलीच तर परत मिळावी म्हणून पहिल्या पानावर माझं नाव, घरचा पत्ता आणि बाबांचा सिव्हिल आयडी नंबरसुद्धा नीट