उपाशी राहील त्याचं पान आधी

आपल्याच संघावर गोल झाला की उभं राहून टाळ्या वाजवणारा प्रेक्षक मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आमचा घरमालक आहे.

किसनआबा म्हणजे आमच्या आंबी गावातलं जुनं खोड. कंपन्या आल्या तेव्हा शेत गेलं, उरलेल्या तुकड्यावर आबांनी ओळीनं भाड्याच्या खोल्या बांधल्या. त्यातल्या एका खोलीत मी आणि माझा नवरा राहतो. दोघंही कंपन्यांत आहोत आणि आमच्या शिफ्टा कधीच जुळत नाहीत, त्यामुळे आमचा संसार निम्मा मोबाइलवर चालतो. संध्याकाळी मी एकटी, आबाही एकटे. आबांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा पुण्यात असतो. तो आबांना भेटायला येतो, नाही असं नाही, पण गाडी चालू ठेवून येतो.

आबा कुणालाही ‘राम राम’ म्हणत नाहीत, ‘नमस्कार’ही नाही. त्यांचा एकच प्रश्न: “जेवला का?” सकाळी सात वाजता मी शिफ्टला पळत असते तेव्हाही “मॅडम, जेवला का?” पोस्टमन, गॅसवाला, मतं मागायला आलेला उमेदवार, सगळ्यांना तेच. उमेदवार बिचारा ‘नाही’ म्हणाला आणि अडकला. भाकरी संपेपर्यंत आबांनी त्याला उठू दिलं नाही, आणि मत कुणाला देणार ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.

आबांचं खरं राज्य बैलगाड्यांच्या शर्यतीचं. तरुणपणी लोक त्यांना बैल पारखायला न्यायचे. फुटबॉलशी त्यांचा संबंध आला तो गच्चीवरच्या खोलीमुळे. आमच्या भागात व्यावसायिक फुटबॉलचा एक संघ आहे. त्यांचं मैदान आमच्यापासून जवळच, कंपन्यांच्या मागे. एका बाजूला पत्र्याचं छप्पर, बाकी तिन्ही बाजूंना ऊन. मोठ्या खेळाडूंना लोणावळ्यात बंगले मिळाले. लहानांसाठी गावात खोल्या शोधल्या, आणि गच्चीवर तोंबा आला.

तोंबा मणिपूरचा. पंचविशीतला, बुटका, गोरा, बोलायला लाजणारा. इथे बऱ्याच लोकांना त्याचं नाव परदेशी वाटलं. आबांना नाही. “म्हसोबा, खंडोबा, तोंबा. चांगलं देवाचं नाव हाय की,” म्हणाले आणि विषय संपला. तोंबाला मराठी येत नव्हती आणि आबांची हिंदी बैलाला समजेल इतपतच. पण रोज संध्याकाळी दोघं पडवीत समोरासमोर बसून जेवायचे. इंद्रायणीचा मऊ चिकट भात आणि सुकट हे तोंबाला त्याच्या घरच्या जेवणासारखं लागायचं. आणि आबांना काय लागायचं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. “एकट्यापुरता भात धड शिजतच न्हाई, मॅडम. करपतो तरी, न्हाईतर उरतो तरी. दोन माणसांचा बराबर व्हतो.”

मग आबा मॅच बघायला जाऊ लागले. आणायला-न्यायला माझी स्कूटी. आबांनी फुटबॉलचे नियम कुणाला विचारले नाहीत. बैलांचे नियम त्यांना पुरेसे होते. “मानूस आन बैल मागनं बगावा. पुढनं समदेच देखने आस्त्यात.” एका सामन्यानंतर त्यांनी संघाच्या प्रशिक्षकाला गाठून सांगितलं की तुमचा तो उंच पुढचा खेळाडू उजव्या खुरात चोरतो, म्हणजे त्या पायावर पुरता भार टाकत नाही. प्रशिक्षक गोव्याचा. मी त्याचं भाषांतर ‘आबा म्हणतात, छान खेळलात’ असं केलं. तो उंच खेळाडू पुढच्याच सामन्यात दोन गोल करून गेला. “चोरतो तरी बी,” आबा म्हणाले.

सगळं बरं चाललं होतं. मग कुणीतरी आबांना ड्राफ्ट समजावून सांगितला.

ड्राफ्ट म्हणजे खेळाडूंची वाटणी. मोसम संपला की प्रत्येक संघानं आपले मोजकेच खेळाडू ठेवायचे, बाकीच्यांची नावं एका ढिगात टाकायची. मग सगळ्या संघांनी त्या ढिगातून पाळीपाळीनं एकेक नाव उचलायचं. आमच्या संघानं ठेवले ते लोणावळ्याच्या बंगल्यातले. तोंबा ढिगात. म्हणजे त्याला पुन्हा आमच्या संघानं उचललं तर तो गच्चीवर परत येणार, दुसऱ्या कुणी उचललं तर कुठे जाईल देव जाणे.

दोन दिवसांनी आबांनी विचारलं, “पयल्यांदी कोन उचलतं?”

“जो संघ गुणतक्त्यात सगळ्यात खाली असेल तो,” मी म्हटलं. “हरणाऱ्याला आधी संधी.”

आबांचा चेहरा उजळला. “म्हंजी सप्त्यासारखं!” आमच्या गावच्या सप्ताहात असा रिवाज आहे. काल ज्याच्यापर्यंत वाढपी पोचले नाहीत, जो उपाशी उठला, त्याचं पान आज सगळ्यांच्या आधी वाढायचं. “उपाशी राहील त्याचं पान आधी. लय न्यायाचा खेळ हाय, मॅडम.”

त्या दिवसापासून आबा टाळ्या वाजवू लागले.

आमचा संघ तसाही हरण्यात कसूर करत नव्हता. पण आपल्या जाळीत चेंडू गेला की पत्र्याखाली एकच म्हातारा उभा राहून टाळ्या पिटतो आहे, हे बघून लोक चिडायचे. एकदा मागून कुणीतरी शेंगांची टरफलं मारली. मी लाजेनं ओढणी डोक्यावर घेतली. आबांनी टोपी झटकली आणि मागे वळून विचारलं, “जेवला का?”

बाकीचा वेळ आबा चहाच्या टपरीवर संघाचे पर्याय मांडायचे. मांडायचे म्हणजे खरोखरच, टेबलावर. ग्लास म्हणजे गोलकीपर, खारी म्हणजे पुढचे, क्रीमरोल म्हणजे लोणावळ्यातले बंगलेवाले. “समजा, पयल्या पाळीला पुढचा घेतला. गोल झालं चार. पन डाव्या दारानं पानी आत येतंय, तर घर कोरडं राहील का? म्हंजी डावीकडचा मागचा पायजे. बरं, समजा, गोलकीपर घेतला. त्यो एकटा काय करल? डावीकडनं तर समदे येत्यात. म्हंजी डावीकडचा मागचा पायजे. बरं, समजा मधला घेतला...”

टपरीवाला म्हणाला, “आबा, समजा कुनीच घेतला न्हाई तर?”

“तर मग उरलेल्या पैशात डावीकडचा मागचा घ्यावा.”

डावीकडचा मागचा म्हणजे तोंबा, हे टपरीवर सगळ्यांना माहीत होतं. आबांना वाटायचं की कुणालाच माहीत नाही. ते तोंबाचं नाव चुकूनही घ्यायचे नाहीत. अगदी तटस्थ तज्ज्ञासारखं बोलायचे आणि निघताना टेबलावरची खारी खिशात घालून तोंबासाठी घेऊन जायचे.

शेवटचा सामना आला. हिशेब सरळ होता. हरलो तर आमचा संघ सगळ्यात खाली, म्हणजे पहिली पाळी आमची. बरोबरी झाली तरी एक जागा वर, आणि मग पहिली पाळी दुसऱ्याची. सकाळी आबांनी मला स्कूटी भैरवनाथाच्या देवळाकडे घ्यायला लावली. गाभाऱ्यासमोर उभं राहून मोठ्यानं म्हणाले, “देवा, आज हरू दे. नारळ फोडीन.”

गुरव हातातलं काम टाकून बघत राहिला. “आबा, देवाला आसलं कुनी मागतं का?”

“समदे जितायचं मागत्यात. देवाला बी कटाळा आला आसंल.”

सामना रटाळ झाला. संपत आला तरी शून्य-शून्य. आणि शेवटच्या मिनिटांत समोरचा एक खेळाडू मोकळा सुटला, आमचा गोलकीपर पुढे आला आणि फसला, आणि चेंडू रिकाम्या गोलाकडे निघाला. जोरात नाही, आरामात, घरंगळत. आबा उठले. टाळीसाठी हात वर केले.

तेवढ्यात डावीकडून एक जण धावत आला. इतकं जिवाच्या आकांतानं धावताना मी माणसाला पाहिलेलं नाही. रेषेवर आडवं पडून त्यानं चेंडू बाहेर लाथाडला आणि स्वतः जाळीत जाऊन अडकला. पत्र्याखालचं सगळं मैदान ओरडत उठलं. तोंबा! तोंबा! संघाचा नंबर वाचला होता.

आबांचे हात क्षणभर तसेच वर राहिले. टाळी वाजली नाही. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं, पण दिसलंच. ते हसत होते आणि डोळे पुसत होते, दोन्ही एकदमच.

परतताना त्यांनी पुन्हा देवळाशी थांबायला सांगितलं आणि नारळ फोडला.

“आबा, नवस कुठे फळला?” मी विचारलं.

“न्हाई फळला. पन पोरगं काय पळालं, बगितलं का? त्याचा फोडला.”

ड्राफ्टच्या दिवशी आम्ही पडवीत माझ्या मोबाइलवर कार्यक्रम लावला. तोंबा गच्चीवरून खाली आला नाही. त्याला भीती वाटत होती. तळाचा संघ बंगालकडचा होता. त्यांची पहिली पाळी. त्यांच्या माणसानं पडद्यावर ती रेषेवरची लाथ दाखवली, दोनदा दाखवली, आणि म्हणाला, असा जीव टाकणारा बचावपटू आम्हाला हवा आहे. आणि नाव घेतलं. आमच्या संघानं त्यानंतर एक पुढचा खेळाडू घेतला, पण तो कोण ते बघायला आम्ही थांबलो नाही.

मी काहीतरी समजुतीचं बोलणार होते. त्याआधी आबाच म्हणाले, “नेम म्हंजी नेम. उपाशी हुते त्यांचं पान आधी.” मग जिन्याच्या तोंडाशी जाऊन हाक मारली, “तोंबा, खाली ये! पयला नंबर आला तुजा!”

तो निघाला त्या दिवशी आबांनी त्याच्या जुन्या बुटांची नाडी मागून घेतली. मला वाटलं आठवण म्हणून. पण कारण वेगळं होतं. बैल विकला तरी शेतकरी त्याचं दावं देत नाही, दावं घरात राहिलं की गोठा रिकामा राहत नाही म्हणतात. नाडी पडवीतल्या खुंटीला बांधून ठेवली. संघाच्या ऑफिसनं गच्चीवरच्या खोलीसाठी नवा खेळाडू पाठवला, तेव्हा आबांनी छताला गळती आहे असं सांगितलं. छत ठणठणीत आहे. भात पुन्हा करपायला लागला, त्याचा वास आमच्या खोलीपर्यंत यायचा.

पुढच्या मोसमात बंगालकडचा संघ आमच्याकडे खेळायला आला. दुपारचा सामना होता. मी सकाळच्या शिफ्टहून थेट आबांना घ्यायला गेले. त्यांच्या हातात पिशवी होती, पिशवीत चार कप्प्यांचा डबा. वाटेत त्यांनी तो मांडीवर इतका सांभाळला की खड्डा आला की मलाच दम द्यायचे.

आमच्यावर दोन गोल झाले. आबा दोन्ही वेळा उठून टाळ्या वाजवत होते. लोक हसले, म्हणाले म्हाताऱ्याची जुनी खोड. पण ही जुनी खोड नव्हती. आधी आबा आपल्या हरण्याला टाळ्या वाजवायचे, आता तोंबाच्या जिंकण्याला. फरक कळणारी त्या पत्र्याखाली मी एकटीच होते, आणि मला फार एकटं वाटलं.

सामना संपला तसा तोंबा धावत कुंपणापाशी आला. अंगानं भरला होता, केस वेगळे कापले होते. त्यानं जाळीतून दोन बोटं आत घातली, आबांनी ती धरली. मग तोंबा स्पष्ट मराठीत म्हणाला, “आबा, जेवला का?”

इतकी वर्षं सगळ्यांना विचारला तो प्रश्न आबांना पहिल्यांदाच कुणीतरी विचारला होता.

“जेवलो. लय जेवलो,” आबा म्हणाले. “तू?”

“बस में खाना है, आबा.” बसचा हॉर्न वाजला, कुणीतरी त्याला हाक मारली. त्यानं आबांची बोटं एकदा दाबली आणि गेला. डबा आबांच्या पायाशी पिशवीत तसाच होता. त्यांनी तो वर उचलून दाखवलाही नाही.

परत येताना आबा भरलेला डबा मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसले होते. इंद्रायणीवरच्या पुलावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “मॅडम, जेवला का?”

मी कँटीनमध्ये पोटभर जेवून आले होते.

“नाही, आबा,” मी म्हटलं आणि स्कूटी कडेला घेतली.