छत्तीस गुणांचा कॉम्प्युटर

एका जंगलात, सहा पदरी रस्त्याच्या अलीकडे, केरबा नावाचं साळिंदर राहत होतं. रस्त्याच्या पलीकडेही तेच जंगल होतं. पण रस्ता झाल्यापासून पलीकडचं जंगल वेगळं मानायचं असं ठरलं होतं. कुणी ठरवलं ते विचारू नका. रस्ता झाला की असं आपोआप ठरतं.

नीट मांडी घालून बसा. मध्ये मध्ये बोलायचं नाही.

पलीकडच्या जंगलात दादू नावाचं खवलेमांजर राहायचं. केरबा आणि दादू अगदी लहानपणापासूनचे सवंगडी. रस्ता नव्हता तेव्हा दोघं रोज दुपारी तीन वाजता एका जुन्या वारुळावर चढायची शर्यत लावत. जो आधी वर पोचेल तो त्या दिवसाचा पाटील. केरबा एकदाही पाटील झाला नाही. त्याचे काटे अर्ध्या वाटेत मातीत रुतून बसत. तरी तो रोज यायचा.

मग रस्ता आला. वारूळ रस्त्याखाली गेलं. केरबा अलीकडे राहिला, दादू पलीकडे.

पुढे कॉम्प्युटरवर एक खेळ निघाला. नाव 'वारूळ'. दोघांनी आपापल्या घरी बसायचं आणि खड्डे, मुंग्या चुकवत एकाच वारुळावर दोन बाजूंनी चढायचं. भोंग्यातून एकमेकांशी बोलायचं. दादूने लगेच कॉम्प्युटर घेतला. केरबाकडे नव्हता.

फाल्गुनात कावळा दादूचा निरोप घेऊन आला.

"केरबा, आमच्या बाजूच्या सगळ्यांना लांबच्या अभयारण्यात हलवणार आहेत. अक्षय तृतीयेला दुपारी चारला गाडी येणार. तिथे नेटवर्क नाही म्हणे. त्याच्या आत एकदा तरी खेळात ये रे बाबा. मी रोज तीनला वारुळाच्या पायथ्याशी उभा असतो."

केरबाला भरून आलं. त्याने बिळातलं गाठोडं काढलं. गळलेले काटे लेखणीसाठी विकून त्याने दोन वर्षांत पाच हजार चिंचोके साठवले होते. त्या जंगलात चिंचोके चालत. तुम्हाला हसायला काय झालं? तुमच्याकडे कागद चालतात, ते काही कमी विनोदी आहे का?

केरबा गाठोडं घेऊन शांताराम मुंगसाच्या दुकानात गेला.

"काय खेळणार?" शांतारामने विचारलं.

"वारूळ. एवढंच."

"पडदा आहे घरी?"

"आजोबांचा आहे. जुना आहे, पण दिसतं त्यात."

"मग झालं तर," शांताराम म्हणाला. "हा बेताचा प्रोसेसर घे. हे बेताचं कार्ड घे. बाकी सगळं धरून चार हजार सहाशे. वारूळ मस्त चालेल. संध्याकाळपर्यंत जोडून देतो."

आता प्रोसेसर म्हणजे काय, कार्ड म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला हवं. प्रोसेसर विचार करतो. ग्राफिक्स कार्ड चित्र काढतं. एकाने सांगायचं, दुसऱ्याने काढायचं. एक थकला की दुसऱ्याला ताटकळत बसावं लागतं. तुमच्या घरी आई-बाबांचं बघता ना, तसंच.

केरबा चिंचोके मोजणार, एवढ्यात त्याची रुख्मामावशी तिथून चालली होती, ती आत डोकावली.

"पत्रिका दाखवलीस का?" तिने विचारलं.

"कुणाची?"

"अगं बाई! कुणाची म्हणजे? या दोघांची! जन्मभर एका डब्यात राहणार ती. आपल्यात पाटा-वरवंटासुद्धा पत्रिका बघितल्याशिवाय घरात आणत नाहीत."

हे खरं होतं. त्या जंगलाची तशी रीतच होती. कुठल्याही दोन वस्तू गुण जुळवल्याशिवाय एका छपराखाली ठेवत नसत. रुख्मामावशीचा वरवंटा सात वर्षं बिनलग्नाचा कोपऱ्यात उभा होता. मावशी तोवर चटणी शेजारून आणत होती.

"मावशी, अक्षय तृतीयेच्या आत खेळायचंय मला," केरबा म्हणाला.

"मग काय तर! अजून दीड महिना आहे. दोन दिवसांत दाखवून होईल."

शांतारामने सामान बांधून बाजूला ठेवलं. त्याला गिऱ्हाइकाच्या मावशीशी वाद न घालण्याची सवय होती.

पत्रिका बघायचे बगळेशास्त्री. ते तळ्यात एका पायावर उभं राहून दिवसभर कॉम्प्युटरविषयी वाचत. त्यांच्याकडे स्वतःचा कॉम्प्युटर नव्हता. त्यामुळे त्यांचं मत अगदी स्वच्छ असे.

शास्त्रीबुवांनी दोन्ही पत्रिका वाळूवर मांडल्या. डोळे मिटले. उघडले.

"चौदा गुण," ते म्हणाले.

"कितीपैकी?"

"छत्तीसपैकी. मुलगी हुशार आहे हो. कार्ड म्हणतोय मी. पण प्रोसेसर मंद. ती चित्र काढायला बसणार आणि हा विचारच करत राहणार. लोक हसतील."

"पण शांताराम म्हणतो, वारूळ चालेल."

"चालेल ना! न चालायला काय झालं?" शास्त्रीबुवा मायेने म्हणाले. "पण नुसतं चालणं म्हणजे संसार का केरबा? थोडं वर घातलंस की याच्या वरचा प्रोसेसर येतो."

थोडं वर. मुलांनो, हे दोन शब्द नीट लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडतील. म्हणजे दुकानदारांना.

केरबाने थोडं वर घातलं. गाठोडं रिकामं झालं. नव्या प्रोसेसरची पत्रिका घेऊन तो तळ्यावर गेला.

"एकोणीस गुण," शास्त्रीबुवा म्हणाले. "प्रोसेसर छान निवडलास. आता मात्र कार्ड उणं पडतंय. मुलगा झाला डॉक्टर आणि मुलगी अजून बाराखडीत. तो सांगणार शंभर चित्रं, ती काढणार चाळीस. थोडं वर घातलंस की—"

केरबाने उन्हाळ्यासाठी पुरून ठेवलेले कंद विकले. वरचं कार्ड ठरवलं. लगेच प्रोसेसर मंद ठरला. त्याने पाण्याचा रांजण विकला. वरचा प्रोसेसर ठरवला. लगेच कार्ड बाराखडीत गेलं.

असं होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चाललं.

पाडव्याला शांतारामने त्याला हाक मारली. "केरबा, पहिलं ठरलेलं सामान अजून बांधून ठेवलंय मी. घेऊन जा. आज तीन वाजता खेळशील."

केरबा थांबला. त्याने त्या साध्या खोक्याकडे पाहिलं. त्याला ते हवंसं वाटलं, अगदी मनापासून वाटलं.

"चौदाच गुण आहेत रे पण," तो म्हणाला आणि पुढे गेला.

कावळा परत आला. "दादू विचारतोय, आज येतोस का? म्हणाला, आजही तासभर उभा होतो. मुंग्यांनी दोनदा ढकलून दिलं."

"त्याला सांग, सव्वीसपर्यंत आलोय."

"सव्वीस काय?"

"त्याला कळेल."

दादूला कळलं नाही. तो दुसऱ्या दिवशीही तीन वाजता उभा राहिला.

सव्वीसनंतर अडचणी वाढल्या. नव्या प्रोसेसरचे पाय जुन्या मदरबोर्डात बसेनात. मदरबोर्ड बदलला. नव्या कार्डाला जुनी वीज पुरेना. वीज पुरवणारा डबा बदलला. कार्ड एवढं लांब होतं की खोक्यात मावेना. मोठं खोकं घेतलं. ते खोकं बिळाच्या दारातून जाईना. केरबाने दार पाडलं. रुख्मामावशी म्हणाली, "मांडव घालायचा म्हणजे दार मोठंच हवं."

तेहतीस गुण झाले. जंगलात केरबाचं नाव झालं. ज्यांनी त्याच्याकडे कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं, तेही आता "किती झाले?" म्हणून विचारू लागले. केरबाची मान ताठ झाली.

मग शास्त्रीबुवांची नजर बिळातल्या पडद्यावर गेली.

"हा कुणाचा?"

"आजोबांचा."

"सेकंदाला किती चित्रं दाखवतो?"

"साठ."

शास्त्रीबुवांनी चोच झाकून घेतली. "अरे, हे जोडपं सेकंदाला दोनशे चाळीस चित्रं काढणार आणि तू ती असल्या पडद्यावर दाखवणार? अपमान आहे हा दोघांचा. आधी बाहेर काढ. याचे जे चिंचोके येतील त्यात शेवटचे तीन गुण जुळवून देतो."

"आणि बघायचं कशात?"

"पडद्याचं नंतर बघू रे! आधी जोडी जुळू दे."

केरबाने पडदा सशीणबाईंना विकला. त्यांनी त्याला वर दोन भोकं पाडली, दोरी ओवली आणि वाळवणाच्या आडोशाला टांगला.

हो, कळलं. हात खाली घे. तुला जे कळलंय ते केरबालाही कळत होतं. पण छत्तीस म्हणजे छत्तीस.

अक्षय तृतीयेला सकाळी छत्तीस गुण जुळले. अख्ख्या जंगलात आजवर कुणाचे जुळले नव्हते. बगळेशास्त्र्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बगळा असल्यामुळे कुणी फारसा विश्वास ठेवला नाही, पण पाणी खरं होतं.

मुहूर्त दुपारी तीन वाजून दहा मिनिटांचा निघाला. बिळाला आंब्याची पानं लावली. कार्ड एका पाटावर ठेवलं, प्रोसेसर दुसऱ्या पाटावर. मध्ये केळीच्या पानाचा अंतरपाट धरला. सगळ्यांनी तांदूळ टाकले. शांतारामने ते तांदूळ फुंकून काढले आणि दोघांना मदरबोर्डावर बसवलं. मग खोकं बंद करून त्याने बटण दाबलं.

पंखा फिरला. खोक्यात सात रंगांचे दिवे लागले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. केरबाने घाईघाईने वारूळ सुरू केलं. भोंगा खरखरला.

"केरबा?" भोंग्यातून आवाज आला. "केरबा! आलास! अरे, आलास रे गाढवा! बघ, तुझे काटेसुद्धा दिसतायत मला!"

केरबाने भोंग्याला कान लावला. दादूचा आवाज त्याने रस्ता झाल्यापासून ऐकला नव्हता.

"मला हात करतोयस का तू?" तो कसाबसा म्हणाला.

"मघापासून करतोय! दिसत नाही का?"

"दिसतोय ना. दिसतोय," केरबा म्हणाला. त्याच्यासमोर भिंत होती.

शांतारामने डोक्याला हात लावला. "माझ्या दुकानात एक पडदा पडलाय. देतो आणून. खेळ आणि उद्या परत दे."

"सेकंदाला किती चित्रं?" शास्त्रीबुवांनी विचारलं.

"साठ."

"लग्नघरात आणू नका!" शास्त्रीबुवा ओरडले. "छत्तीस गुणांच्या जोडप्यासमोर साठाचा पडदा? चौदावर येतील परत!"

सगळे केरबाकडे बघू लागले. भोंग्यातून दादू म्हणत होता, "चल, लवकर चढ. पाऊण तास आहे आपल्याकडे."

केरबाने शांतारामकडे पाहिलं. मग रंगीत दिव्यांकडे पाहिलं. मग जंगलभर झालेल्या आपल्या नावाकडे पाहिलं. ते नाव दिसत नव्हतं, पण त्याला दिसलं.

"शास्त्रीबुवा म्हणतात तर," तो हळूच म्हणाला, "मी आवाजावरच खेळतो."

शांताराम जे बोलला ते मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही लहान आहात. बोलून झाल्यावर तो दुकानाकडे पळत सुटला.

केरबा खेळू लागला. "डावीकडे!" दादू ओरडला. "अरे, डावीकडे! ते उजवीकडे झालं! खड्डा आहे, खड्डा! पडलास. ऊठ. काय रे, विसरलास का चढायचं?"

"जरा सवय गेलीय," केरबा म्हणाला.

तो चार वेळा पडला. दादू चारही वेळा खाली उतरून आला. पाचव्यांदा दादू म्हणाला, "ऐक. मी आज वर जात नाही. इथंच थांबतो. तू चढ. आज तू पाटील हो. मला एकदा बघायचंय तुला वर."

केरबाने बटणं दाबली. भोंग्यात मुंग्यांचा आवाज झाला.

"परत खड्ड्यातच," दादू म्हणाला. त्याला हसू येत होतं आणि ते नीट हसू नव्हतं. मग मागे गाडीचा भोंगा वाजला. "आले रे ते. केरबा, पाटी लिहून ठेवतो, वाच हां. आणि—"

खरखर थांबली.

तेवढ्यात शांताराम पडदा घेऊन धापा टाकत आला. त्याने कुणाला न विचारता तो जोडला.

वारूळ दिसलं. लाल मातीचा कण न् कण वेगळा दिसत होता. एकेका मुंगीच्या पायावरचे केस मोजता येत होते. केरबाचं साळिंदर खड्ड्यात डोकं खाली करून पडलं होतं. काठावर चार पावलांचे ठसे होते, अगदी ताजे. तिथे दुसरं कुणी नव्हतं. फक्त मातीत एक छोटी पाटी खोचलेली होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'वरची जागा तुझी. दादू पाटील (माजी).'

केरबा पाटीकडे बघत राहिला. त्याचे काटे मिटले.

शास्त्रीबुवांनी मान लांब करून पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा वाचला.

"दोनशे चाळीस!" ते म्हणाले. "बघा, मी सांगितलं होतं. कुठेही अडखळलं नाही."

जमलेल्यांनी मान डोलावली. रिकामं वारूळ इतकं स्वच्छ कुणीच कधी पाहिलं नव्हतं. जाताना तिघांनी शास्त्रीबुवांकडे आपापल्या पत्रिका दिल्या.

तात्पर्य : मुलांनो, मित्र काय, आज आहेत, उद्या नाहीत. छत्तीस गुण रोज रोज जुळत नाहीत.