कोलशेतच्या धाकूने भरलेला भात

"ठाण्याच्या बाजारपेठेत असा भात आजवर कोणी आणला नाय, आणि पुढं कोणी आणणार बी नाय!" कोलशेतच्या धाकूने ओटीवर उभं राहून साऱ्या आळीला ऐकवलं. आगगाडीची शिट्टी ऐकून बैल अजून बुजायचे, त्या काळातली ही गोष्ट.

धाकूची छाती फुगायला कारणही तसंच होतं. ठाण्यातल्या कापडवाल्या हुकमीचंद शेठची बायको सुगनीबाई त्याची मानलेली बहीण. नवी नवरी म्हणून मारवाडातून आली, तेव्हा खाडी ओलांडून होडीतून उतरली ती थेट कमरेइतक्या चिखलात! वाळवंटातली पोर ती, असला चिखल तिने जन्मात पाहिला नव्हता. धाकूने वल्हं पुढे केलं आणि तिला मुळ्यासारखी उपटून काढली. तिला सख्खा भाऊ नव्हता. तेव्हापासून दर श्रावणात तिची राखी धाकूच्या मनगटावर.

आता तिच्या लेकीचं, केसरचं लग्न ठरलं होतं. सुगनीबाई स्वतः कोलशेतला आली. धाकूला टिळा लावला, हातावर गुळाचा खडा ठेवला आणि डोळे पुसत म्हणाली, "वीरा, माझ्या भावा, भाचीचं लग्न आहे. तू भात भरायला यायचं हं! भावानं भात भरला नाही, तर बहिणीची मान खाली जाते."

"तू काळजी करू नको बाय! कणगी फुटंपर्यंत भरतू!"

धान्य साठवायची कणगी म्हणजे काय ते सुगनीबाईला ठाऊक नव्हतं. ती निश्चिंत मनाने परत गेली.

"अवं, पेठेतली शेटाणी आपल्याकडं भात कशाला मागंल? नीट इचारलंव कं?" धाकूची बायको गंगुबाई म्हणाली.

"बहिणीनं मागावा, भावानं द्यावा! त्यात इचारायचा काय?"

पण गंगुबाईची शंका विहिरीवर गेली आणि तिला पाय फुटले. सकाळी 'शेटाणीने रडत भात मागितला' होतं. दुपारी 'शेठच्या घरात दाणा नाय' झालं. दिवेलागणीला 'शेठचं दिवाळं निघालं!' कोलशेतकरी मनाने लोण्याचे. ज्याने त्याने आपल्या कणगीत हात घातला. कोणी पोतं दिलं, कोणी टोपली. गाड्यांची रांग लागली! आणि ती बातमी वांग्या-पडवळांच्या पाट्यांत बसून ठाण्याला पोचली, तिथून कल्याणला, थेट केसरच्या होणाऱ्या सासऱ्यांच्या कानात!

ठरल्या दिवशी धाकू नवंकोरं लाल पागोटं बांधून पहिल्या गाडीवर बसला. मागे अख्खं कोलशेत, धुतलेल्या धोतरांत. गंगुबाई मात्र म्हैस विणार होती म्हणून घरीच राहिली.

शेठच्या दारात बायका गाणी म्हणत होत्या. सुगनीबाई आरतीचं ताट घेऊन पाटावर उभी. मांडवात कल्याणचे व्याही मिशा पिळत बसलेले, डोळे दरवाजाकडे. धाकूने उडी मारली, पाठीवर पोतं घेतलं आणि आरोळी ठोकली, "बाय, भात आणला! कणगी कुठं हाय?"

गाणं थांबलं.

"धाकू, हे काय?" शेठ कुजबुजले.

"भात! तुमीच ना भरायला सांगितलाव?"

"अरे, आमच्यात भात म्हणजे मामाचा अहेर! बहिणीला चुनरी, भाचीला कपडे!"

धाकूच्या पाठीवरचं पोतं एकदम म्हशीएवढं जड झालं. तेवढ्यात व्याही उठले. "शेठजी, कल्याणात ऐकलं ते खोटं वाटलं होतं. पण हे तर गाड्या भरून आलंय! घरात दाणा नाही, तर आमच्या वरातीला जेवू काय घालणार?"

सुगनीबाईने मान खाली घातली. ती खाली गेलेली मान मात्र धाकूला बघवेना. त्याने पोतं उतरवलं, डोक्यावरचं लाल पागोटं सोडलं, चांगलं लांबरुंद पसरलं आणि बहिणीच्या डोक्यावरून पांघरलं. मग उघड्या डोक्यानेच व्याह्यांकडे वळला.

"शेठ, ह्यो भिकेचा भात नाय! हिला भाऊ नव्हता ना? आता ही पोती बघा. जेवढ्या घरांची पोती, तेवढे हिचे भाऊ. तुमच्या कल्याणात हायेत कोणा बहिणीला एवढे भाऊ?"

"आमी तर शेठ बुडाला म्हणून..." मागच्या गाडीवरचा कोलशेतचा काळुराम बोलायला लागला. धाकूने त्याच्या पायावर आपली टाच अशी दाबली की पुढचं वाक्य "आई गं!" एवढंच झालं.

व्याह्यांनी रांग पाहिली. लाल पागोट्याखाली रडत हसणारी विहीण पाहिली. मिशांवरचा हात खाली आला. "भात भरणाऱ्या एका मामाला आम्ही भाती म्हणतो," ते म्हणाले. "इथं गावच्या गाव भाती! अशा घरची सून मिळणार आम्हाला? शेठजी, वाजंत्री लावा!"

सुगनीबाई टिळे लावून थकली, पण एकही कपाळ तिने सोडलं नाही. लापशी थंड झाली, तरी कोणाची तक्रार नव्हती!

धाकू घरी परतला तो राजासारखा, एका हातात लाडवांचा करंडा. सगळी हकीकत त्याने दोनदा सांगितली. गंगुबाई कौतुकाने ऐकत होती. ऐकता ऐकता तिची नजर माळ्याखालच्या कोपऱ्याकडे गेली.

"हितलं पोतं?"

"दिला! हात राखून देणारा भाऊ नाय मी!"

"अवं, ता बियाणं होता! जेठात काय पेराल, लाडू?"

दुसऱ्या दिवशी धाकू शेठच्या मागच्या दाराशी बराच वेळ नुसताच खाकरत उभा राहिला. शेवटी त्याने बियाण्याचं सांगितलं. सुगनीबाईने ऐकून घेतलं, आणि पोतं गाडीत चढेपर्यंत तिने पदराआड हसू कसंबसं दाबलं.

"वीरा, भरलेला भात परत नेणारा भाऊ आमच्या साऱ्या मारवाडात झाला नसेल!"

धाकूने बैलांची वेसण धरली आणि मान ताठ केली.

"म्हणजे पयला मीच ना?"