गोगलगायीतला हरभरा

पौनीकर सर टाकीतलं पाणी आधी चाखायचे, मग मीटर लावायचे. "अळणी झालं गा," म्हणत आणि मीटर काहीही दाखवो, वरून चिमूटभर मीठ टाकत. आज ती टाकी लॅबच्या कोपऱ्यात कोरडी पडली आहे. तिच्याजवळून जाताना मला अजूनही सरांची फार आठवण येते.

रत्नागिरीहून दोन समुद्री गोगलगायी आणल्या होत्या. एकीचा तुकडा जिनोम वाचायला गेला, दुसरी टाकीत राहिली. हिला सर 'बाई' म्हणत. नागपूरच्या मे महिन्यात लॅबमधला एकुलता एक कूलर बाईंकडे आणि आम्ही घामाघूम! आमचं काम म्हणजे वाचलेल्या जिनोमवर खुणा लावणं: जनुक कुठे सुरू होतं, कुठे संपतं, काय करतं. एखादं जनुक अडलं की सर म्हणत, "थांब, बाईले विचारतो." मग टाकीसमोर जाऊन बसत. बाई काचेला चिकटलेल्या असत.

निवृत्ती तोंडावर आली असताना सरांना त्या जिनोममध्ये वनस्पतीचं जनुक सापडलं. गोगलगायीत! सर उठले ते थेट संत्रा बर्फी घेऊनच परतले. "जन्मभर दुसऱ्यांचे शोध शिकवले गा," ते म्हणाले, "हा माहा आहे."

मला मात्र शंका आली. दुपारभर जुळवून पाहिलं, तर जनुक हरभऱ्याचं निघालं. आणखी काही तुकडे चक्क माणसाचे. आता समुद्रात हरभरा कोण पेरणार? पण सर रोज पोहे आणि त्यावर हरभऱ्याची तर्री असा डबा आणत आणि गोगलगायीचा तो तुकडा त्यांनीच कापला होता. पोहे खाल्लेल्या हातांनी.

सांगणं जिवावर आलं. बर्फी माझ्याही पोटात होती. शेवटी सरांना पडद्यासमोर बसवलं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग आपल्या बोटांकडे. चेहरा पडला, तरी हसले. "म्हणजे बाईच्या पोटात आपणच निघालो गा!" म्हणाले आणि स्वतःच एकेक खूण पुसायला लागले.

ते पाहून मी चिडलोच. "सर, लॅबमध्ये खायचं नाही, हे तुम्हीच शिकवलं ना? मग तुम्ही काहून खात होते इथं?"

सर पुसत राहिले. मग म्हणाले, "तुही काकू गेल्यापासून घरी घास उतरत नाही गा. इथं टाकीपुढं बसलो का समोर कोणीतरी आहे, असं वाटते."

माझा राग कुठल्या कुठे गेला.

दुसऱ्या दिवशी मी दोघांसाठी पोहे बांधून आणले आणि बाहेर निंबाखाली दोन खुर्च्या टाकल्या. सर आले, बसले. मी नेहमीसारखा भराभर खायला लागलो, तसा त्यांनी माझा हात धरला.

"सावकाश खाजो गा," ते म्हणाले. "तुहं आधी झालं तर मी पुन्हा एकटाच."