हिवरधोंडीची स्थिती

हिवरधोंडी गाव धरणाच्या पाण्याखाली गेले तेव्हा गावाचे पुनर्वसन क्लाउडवरच्या एका डिस्कवर करण्यात आले, आणि कुंदा तेवढी बाहेर राहिली. गाव हलवले त्या दिवशी ती शहरातल्या इस्पितळात ड्यूटीवर होती आणि बदली नर्स मिळाली नव्हती. दुसऱ्या दिवशी ती एस.टी.ने आली, तर तिथे नुसते पाणी. काठावर छत्री घेऊन बसलेल्या शिपायाने तिला तालुक्याच्या कार्यालयात जायला सांगितले.

तेव्हापासून सुटी मिळेल तशी ती पुनर्वसन कार्यालयात येई. तिथले कारकून तोडकर डिस्क उघडून तपशील वाचून दाखवत. नाव हिवरधोंडी. स्थिती जोडलेली. वापरलेली जागा अमुक. डिस्क जोडलेली असली की गावात दिवस असे, आणि कार्यालयाच्या फोनवरून बोलताही येई. वापरलेली जागा घटली, तर गावातले कोणीतरी गेले असे समजायचे. पौषात ती घटली. तोडकरांनी आकडा वाचला आणि कुंदाने ओढणी तोंडाला लावली. तिचे वडील, आबा, गेले होते. वैशाखात जागा जराशी वाढली. दादा-वहिनीला लग्नानंतर बारा वर्षांनी मुलगी झाली होती. तिचे नाव साळू ठेवले.

भाद्रपदात कुंदा आली तेव्हा तोडकरांनी तिला आधी बसायला सांगितले.

"स्थिती सदोष दाखवतेय, ताई. गेला आठवडाभर डिस्क जोडली जात नाहीये."

"म्हणजे गावात रात्रच आहे?"

"रात्रच म्हणायची. डिस्क खराब होत चाललीय. महिनाअखेरीपर्यंत टिकली तर टिकली. पण गावाची एक प्रत आहे आपल्याकडे. ती चढवली की गाव पुन्हा नीट सुरू. फक्त बाहेरच्या नातेवाइकाची संमती लागते, आणि बाहेर तुम्ही एकट्याच आहात."

"प्रत कधीची?"

"गेल्या वर्षीच्या आषाढातली."

कुंदाला समजायला वेळ लागला नाही. आषाढात आबा होते. साळू तेव्हा वहिनीच्या पोटातही नव्हती.

"मला घरी बोलायचंय," ती म्हणाली.

तोडकरांनी बरीच खटपट केली. जेवणाच्या सुट्टीनंतर डिस्क एकदाची जोडली गेली. फोनवर कोंबडे आरवत होते, माणसे एकमेकांना हाका मारत होती.

"उजाडलं एकदाचं," दादा म्हणाला. "रॉकेल संपलं होतं, कुंदे. गुरं आंधळ्यासारखी भिंतीला डोकं घासत होती."

तिने त्याला सगळे सांगितले. तो म्हणाला, "गावाला विचारतो." फोन तसाच ठेवून तो देवळाकडे गेला. कुंदा रिसीव्हर कानाला लावून बसून राहिली. तोडकरांनी तिच्यासाठी चहा मागवला, तो गार झाला.

"गाव प्रत चढवा म्हणतंय," दादाने परत येऊन सांगितले. "त्यांचं चूक नाही. वर्षभराचंच जाईल. वर पाच घरांतली गेलेली माणसं परत येतील. आबा येतील."

"आणि साळू?"

"मला काही आठवणारच नाही, कुंदे. तेवढं बरं आहे."

मागून वहिनीने फोन ओढून घेतला. "वन्सं, त्या साहेबांना विचारा, पोरीला बाहेर काढता येतं का."

तोडकरांनी मान हलवली. बाहेर काढायची तरतूद नव्हती. मात्र दुसऱ्या डिस्कवर हलवता येत होते. सगळ्यांत लहान आकाराची एक डिस्क मंजूर होण्यासारखी होती. तिच्यावर एक बाई आणि एक तान्हे मूल मावले असते. तिसरे माणूस मावले नसते.

"पण ती डिस्क रिकामी असते," तोडकर म्हणाले. "घर नाही, शेजार नाही. एखादं झाड बसेल फार तर."

"मग दारातला शेवगा द्या," वहिनी म्हणाली. "झोळी बांधायला होईल."

"वहिनींना सांगा, प्रतीमध्येही त्या असतीलच," तोडकर हळूच म्हणाले. "घर मोडणार नाही."

कुंदाने सांगितले. "असू दे," वहिनी म्हणाली. "ती तिचं बघेल."

दादाने साळूला निरोप कसा दिला ते कुंदाला कळले नाही. फोनवर फक्त शेवग्याखालची माती खणल्याचा आवाज येत होता. दादाच खणत होता. संध्याकाळी कुंदाने यंत्रावर अंगठा ठेवला. आधी वहिनी आणि साळू हलवल्या गेल्या, मग प्रत चढली, मग जुनी डिस्क पुसण्यात आली.

दुसऱ्या दिवशी फोनवर आबा आले. "एवढी रडतेस कशाला?" ते म्हणाले. "कालच तर बोललो."

एक अडचण मात्र राहिली. एका नातेवाइकाच्या नावावर एका वेळी एकच डिस्क जोडता येत असे. एक जोडायची तर दुसरी सोडावी लागे. कुंदाने वर अर्ज केले, वरून नियम आले. शेवटी तोडकरच आलटून पालटून जोडून देऊ लागले.

आश्विनात ती आली तेव्हा गाव जोडलेले होते.

"बाजरी पिवळी पडलीय," आबा म्हणाले. "ऊन पुरत नाही. मध्येच अंधारून येतं, ते कितीतरी वेळ."

"आभाळ असेल, आबा."

"असेल. पण थंडी आत्तापासूनच वाजते."

पौष अजून लांब होता. तिने त्यांना छातीला रोज तेल चोळायला सांगितले, खोकला आला तर लगेच कळवायला सांगितले, आणि दादाकडे फोन द्यायला सांगितले. दादा खुशीत होता. त्याने तिला घरची एक बातमी सांगितली. ती ऐकून कुंदा "बरं झालं" म्हणाली आणि तिने तोडकरांकडे पाहिले. त्यांनी गाव सोडले आणि लहान डिस्क जोडली.

"उठ गं साळू, आत्या आली," वहिनीचा आवाज आला. साळू कुरकुरली. आजूबाजूला दुसरा कसलाच आवाज नव्हता.

"सरपटायला लागलीय," वहिनी म्हणाली. "पण जाणार कुठं? झाडाभोवतीच फिरते." मग तिने विचारले, "ह्यांचं कसं चाललंय?"

"बरं चाललंय."

"आणि माझं?"

"तुम्हीही बऱ्या आहात, वहिनी," कुंदा म्हणाली. "तुम्हाला दिवस गेलेत."

पलीकडे बराच वेळ झोळीच्या दोरीची करकर ऐकू येत राहिली.

"मुलगी झाली तर नाव दुसरं ठेवायला सांगा, वन्सं," वहिनी म्हणाली.